संजीवनी, गामिनी आणि अमर : एका वर्गीकरणाचा फेरविचार

कबड्डीच्या इतिहासलेखनात संजीवनी, गामिनी आणि अमर या तीन प्रकारांची वासलात बहुधा एका परिच्छेदात लावली जाते. हे प्रकार म्हणजे आजच्या प्रमाण खेळाकडे नेणाऱ्या कच्च्या पायऱ्या होत, असा समज त्यामागे असतो. प्रस्तुत लेखकास तो मान्य नाही. संघातील कोणत्या गड्याच्या कोणत्या गुणास किंमत यावी, या एकाच प्रश्नाची ती तीन भिन्न उत्तरे आहेत; आणि तो प्रश्न अद्याप जुना झालेला नाही.

तुकारामांच्या गाथेत हुतुतूवर अभंगरचना आहे. सतराव्या शतकातील श्रोत्यांना या खेळाची परिभाषा परिचित होती, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते. १९२१ मध्ये महाराष्ट्रात संजीवनी व गामिनी यांचा मेळ घालून स्पर्धांसाठी नियमांचा आराखडा तयार झाला व १९२३ मध्ये तो सुधारण्यात आला. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने या खेळाचे प्रात्यक्षिक दाखविले. १९५० मध्ये अखिल भारतीय महासंघ स्थापन झाला. हा क्रम सर्वश्रुत आहे.

मुद्दा निराळा आहे. तिन्ही प्रकारांतील खरा भेद मेलेल्या गड्याचे काय करावयाचे, एवढाच आहे. गामिनीत मेलेला गडी सर्व संघ बाद होईपर्यंत बाहेर राहतो. साहजिकच नायक आपला उत्तम गडी आरंभीच पणास लावीत नाही. आणि शेवटी दोघेच उरले तर त्या दोघांना चढाई व पकड ही दोन्ही यावी लागतात. गामिनी समतोल संघास मानवते. संजीवनीत प्रतिपक्षाचा एक गडी मारला की आपला एक जिवंत होतो, तोही बाद झाल्याच्या क्रमाने. येथे एकच अव्वल चढाईपटू असलेला संघही तगतो. मात्र उरलेल्यांनी पकडी करून त्याला परत आणले पाहिजे. अमर प्रकारात कोणीच बाहेर जात नाही, केवळ प्रतिपक्षास गुण मिळतो. कच्चा गडीही अखेरपर्यंत खेळतो, पण तो वारंवार मरू लागला की गुण चुकता करावा लागतो सर्व संघाला.

प्रमाण खेळाने संजीवनीचे तत्त्व उचलले. प्रो कबड्डीमध्ये (२०१४ पासून) तीन किंवा कमी रक्षक उरले असता केलेल्या पकडीस एक गुण अधिक मिळतो. त्यामुळे मोडकळीस आलेल्या संघाच्या नायकापुढे, गडी जिवंत करावा की तिघांवरच थांबून त्या गुणाची वाट पाहावी, असा पेच उभा राहतो. दुबळेपणाचाच डाव करण्याची ही सोय आहे.

या वर्गीकरणाची आठवण होण्यास भंडारा शहरातील एक लहानसा प्रसंग कारण झाला. एका कट्ट्यावर चार मुले मोबाईलवर बीजीएमआय हा सामूहिक खेळ खेळत होती. (हा खेळ भारतात २०२१ मध्ये आला, २०२२ मध्ये त्यावर बंदी आली व २०२३ मध्ये तो परतला.) नेम पक्का असलेला मुलगा दुरून मारा करी, धीट होता तो घरात घुसे. शस्त्रांची नावे इंग्रजी होती, पण "मेलो, जिवंत कर" ही हाक मराठी. 'बाद' हा फारसी दप्तरांतून आलेला वजावटीचा शब्द नियमपुस्तकांत रुळला असला, तरी खेळणाऱ्यांच्या तोंडी गडी अजून मरतोच.

त्या खेळात घायाळ होऊन पडलेल्यास सोबती उठवू शकतो : ही संजीवनी. वेळेत कोणी पोहोचला नाही की तो डावातून सामान्यतः जातोच : ही गामिनी. त्याच खेळाच्या आणखी एका प्रकारात मेलेला तत्काळ परततो व विरुद्ध संघाचा गुण वाढतो. हा तर अमरच. हुतुतू येथून तेथे गेला, असे सुचविण्याचा हेतू नाही. जेथे संघ आहे आणि मरण आहे, तेथे नियमकर्त्यापुढे पर्याय याच तीन जातींचे असतात. मराठीने मात्र त्यांना स्वतंत्र नावे दिली आणि नंतर इतिहासकारांनी ती अडगळीत टाकली.

चौघांतला एक मुलगा फारसा मारा करीत नव्हता. पडलेल्याजवळ जाऊन त्याला उठविणे हेच त्याचे काम दिसले, आणि इतर तिघे आपल्या चाली त्याच्या अंतरावरून आखीत होते. चढाई करणाऱ्याला आपल्याकडे नाव आहे, कोपऱ्यातल्या रक्षकाला आहे. सोबत्याला परत आणण्यासाठीच जो पकड करतो, त्याला हुतुतूच्या परिभाषेत वेगळे नाव मला आढळले नाही. त्या मुलांपाशीही ते नव्हते.