सँडहर्स्टच्या दारापर्यंत

सैन्यांतील अधिकारी शिक्षणानें घडतो, हें आज कोणीहि मान्य करील. परंतु तें शिक्षण कोणत्या वयापासून सुरू व्हावें, आणि पूर्वतयारीची शाळा व प्रवेशपरीक्षा यांचें एकमेकींशीं नातें काय असावें, या प्रश्नावर आपल्या देशांत एके काळीं कडाक्याचा वाद झाला. आज त्या वादाची हकीकत सांगावयाची आहे.

पहिल्या महायुद्धापर्यंत हिंदी शिपायाला सुभेदार-मेजरच्या पलीकडे वाट नव्हती. १९१८ सालीं इंग्लंडमधील सँडहर्स्टच्या लष्करी विद्यालयांत हिंदी उमेदवारांना प्रवेश मिळूं लागला, आणि पुढें वर्षाला १० जागा ठरल्या. दार उघडलें खरें; पण तेथवर पोंचणार कोण? सँडहर्स्टला येणारा इंग्रज मुलगा बहुधा पब्लिक स्कूलमधून आलेला असे. वसतिगृहाची शिस्त, मैदानी खेळ, वडील मुलांनीं धाकट्यांवर चालविलेला अंमल, हें सारें त्याच्या अंगवळणीं पडलेलें असे. आमचा मुलगा घोड्यावर उत्तम बसे, गणितहि जाणे. पण परक्या भाषेंत, परक्या हवेंत, सहा हजार मैलांवर तो एकटा पडे. नापास होऊन परतणाऱ्यांचें प्रमाण इंग्रज मुलांच्या मानानें पुष्कळच मोठें होतें, आणि हिंदी मनुष्य अधिकारपदाला नालायक असें म्हणणाऱ्यांना तेवढें निमित्त पुरे झालें.

ही उणीव भरून काढण्याकरितां १३ मार्च १९२२ रोजीं डेहराडून येथें प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्तें एक शाळा उघडण्यांत आली, व तिला त्याचेंच नांव देण्यांत आलें. बारा वर्षांच्या आसपास मुलगा घ्यावयाचा, इंग्रजी पब्लिक स्कूलच्या धर्तीवर त्याला वाढवावयाचा आणि सँडहर्स्टच्या परीक्षेला बसवावयाचा, अशी ही योजना होती. येथें एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. शाळेंत नांव लागलें म्हणजे सँडहर्स्टची जागा हातीं आली, असें नव्हे. परीक्षा व मुलाखत यांतून शाळेच्या मुलालाहि जावें लागे, आणि बाहेरचा मुलगाहि त्याच परीक्षेला बसूं शके. कागदावर वाट सर्वांना मोकळी. मात्र त्या वाटेची तयारी करून देणारी अशी सरकारी शाळा सबंध देशांत एकच, आणि तिचा खर्च तरी बेताचा कोठें होता? पुण्याच्या किंवा नागपूरच्या कारकुनाच्या मुलानें काय करावें? याला जुलूम म्हणणार नाहीं, पण न्यायहि म्हणवत नाहीं.

१९२५ सालीं जनरल स्कीन यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली गेली. बॅ. जीना तिचे सभासद होते. दोष मुलांच्या रक्तांत नसून त्यांच्या शालेय शिक्षणांत आहे, असा समितीच्या अहवालाचा रोख होता. डेहराडूनची शाळा वाढवा, आणि १९३३ पर्यंत येथेंच सँडहर्स्ट उभारा, अशी तिची शिफारस. तें विद्यालय १९३२ सालीं डेहराडूनलाच निघालें. पहिल्या तुकडींत ४० जण: १५ खुल्या परीक्षेंतून, १५ सैन्यांतील शिपायांतून, १० संस्थानी फौजांतून. पुढें फील्डमार्शल झालेले माणेकशॉ या परीक्षेंतूनच आले. ते पूर्वतयारीच्या शाळेचे विद्यार्थी नव्हते. उलट जनरल थिमय्या व जनरल बेवूर हे दोघे सरसेनापति त्या शाळेंतले. तेव्हां शाळेनें मार्ग सुकर केला, पण तो अडविला नाहीं, एवढें म्हणतां येतें.

महाराष्ट्रांत डॉ. मुंजे यांनीं सरकारची वाट न पाहतां १९३७ सालीं नाशिकला भोंसला मिलिटरी स्कूल काढलें. स्वातंत्र्यानंतर खडकवासल्याची प्रबोधिनी उभी राहिली, आणि तिच्याकरितां मुलें तयार व्हावींत म्हणून केंद्र सरकारच्या योजनेंतील पहिली सैनिक शाळा २३ जून १९६१ रोजीं साताऱ्याला सुरू झाली. तिच्यांत सरकारी शिष्यवृत्तीची सोय असल्यामुळें शेतकऱ्याचा मुलगाहि तेथें जाऊं लागला. डेहराडूनच्या जुन्या शाळेनें २०२२ पासून मुलींनाहि प्रवेश दिला आहे. मात्र सातारा असो कीं डेहराडून, प्रबोधिनीची लेखी परीक्षा आणि पुढें निवडमंडळापुढील पांच दिवस कोणालाहि चुकलेले नाहींत.