ट्रेल स्मोक ईटर्स: कारखान्याच्या जिवावरचा जगज्जेता

कॅनडातल्या आइस हॉकीत ‘सीनियर हॉकी’ संघ म्हणजे हौशी प्रौढांचा संघ, अशी व्याख्या केली जाते. ती कागदावर बरोबर असली तरी व्यवहारात अपुरी आहे. १९४२ ते १९६७ या काळात नॅशनल हॉकी लीग या व्यावसायिक साखळीत सहाच संघ होते. त्यामुळे उत्तम खेळणारे कितीतरी जण बाहेर राहत आणि पोटापाण्याची नोकरी सांभाळून सीनियर संघांतून खेळत. ही नोकरी कोण देणार, यावर संघाचे बळ ठरे.

ब्रिटिश कोलंबियात कोलंबिया नदीकाठी वसलेल्या ट्रेल गावात ती ‘कॉमिन्को’ने दिली. शिसे-जस्त गाळणारी ही कंपनीच गावाची अन्नदाती. गावाच्या स्मोक ईटर्स संघाने १९३८ मध्ये देशातला मानाचा ॲलन कप जिंकला आणि १९३९ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये जागतिक विजेतेपद.

१९६१ ची कामगिरी मात्र अधिक बोलकी आहे. आदल्या वर्षी ॲलन कपच्या अंतिम लढतीत ट्रेल चॅटहॅम मरून्सकडून हरला होता. तरी चॅटहॅम जागतिक स्पर्धेला गेला नाही म्हणून कॅनडातर्फे खेळण्याची संधी ट्रेलला मिळाली. तिथे चेकोस्लोव्हाकियाशी सामना १-१ असा सुटला. १२ मार्चला जिनेव्हात सोव्हिएत संघाला ५-१ असे हरवल्यावर ट्रेल आणि चेकोस्लोव्हाकियाचे गुण सारखेच झाले आणि गोलफरकावर सुवर्ण ट्रेलकडे आले. बॉबी क्रोम खेळाडू आणि प्रशिक्षक दोन्ही होता. सेथ मार्टिन स्पर्धेतला सर्वोत्तम गोलरक्षक ठरला.

दोनच वर्षांनी, १९६३ मध्ये स्टॉकहोमला हाच क्लब चौथा आला. सोव्हिएत खेळाडू कागदोपत्री हौशी, पण सराव वर्षभर. पाळी संपवून बर्फावर उतरणारे किती काळ पुरे पडणार? त्यानंतर फादर डेव्हिड बाऊर यांनी कायमस्वरूपी राष्ट्रीय संघ उभारला आणि क्लबांची जागतिक वारी संपली.

तरी ऱ्हासाचे सगळे खापर रशियनांवर फोडणे मला पटत नाही. १९६७ मध्ये नॅशनल हॉकी लीगचे संघ सहावरून बारा झाले. मार्टिनही एका हंगामापुरता सेंट लुईस ब्लूजकडे गेला. बाहेर राहणाऱ्या गुणी खेळाडूंवर सीनियर हॉकी जगत होती, तो साठाच आटला. कारखान्यातली नोकरी व्यावसायिक कराराशी बरोबरी करू शकत नव्हती. १९८७ मध्ये सीनियर संघ बंद पडला. त्याचे नाव आज एक ज्युनियर संघ पुढे चालवतो. १९६१ नंतरचे कॅनडाचे पहिले जागतिक सुवर्ण आले १९९४ मध्ये, नॅशनल हॉकी लीगच्या व्यावसायिक खेळाडूंच्या बळावर.