पद्मिनीचा पंखा

सोलापूरचा उन्हाळा सोलापूरकरांना समजावून सांगायला नको. दुपारी आपण खिडक्यांचे पडदे ओढून घरात बसतो. रस्त्यावरच्या मोटारीला मात्र ती सोय नाही. बाहेर त्रेचाळीस अंशांचं ऊन आणि आत पेट्रोलचा जाळ. जळणाऱ्या पेट्रोलची ढोबळमानाने एक तृतीयांश उष्णता पाण्यावाटे रेडिएटरमध्ये येते आणि ती हवेत सोडण्याचं काम पंख्याला करावं लागतं. आज या पंख्याचीच गोष्ट सांगतो. ती सोलापुरातून सुरू करायला कारणही आहे.

वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ सालचा, याच शहरातला. रेल्वेची कंत्राटं, जहाजं, बंगळूरचा विमान कारखाना हे सारं करून त्यांनी मोटारीचा ध्यास घेतला. परक्या सरकारचा पाठिंबा नसतानाही १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी उभी राहिली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकन क्रायस्लर कंपनीच्या गाड्यांची जोडणी झाली, पुढे इटलीची फियाट आली. वालचंदशेठ १९५३ मध्ये गेले. सत्तरच्या दशकात त्याच फियाटचं नाव 'प्रीमियर पद्मिनी' झालं. लग्नाच्या वरातीपासून मुंबईच्या टॅक्सीपर्यंत ती सगळीकडे दिसू लागली.

या गाडीचं १०८९ सीसीचं इंजिन मूळ १९३७ च्या फियाटच्या घराण्यातलं. त्या काळच्या बहुतेक गाड्यांप्रमाणे तिचा पंखा पट्ट्यावर फिरायचा. इंजिन जोरात फिरलं की पंखा जोरात, इंजिन मंद झालं की पंखाही मंद. मोकळ्या रस्त्यावर गाडी पन्नासच्या वेगाने धावते तेव्हा समोरचा वाराच पुरेसा असतो, पंख्याची गरजच नसते. गरज असते ती गाडी गर्दीत उभी असताना, आणि नेमका तेव्हाच पंखा मंद झालेला असतो. शिवाय पंख्याचा वेग दुप्पट झाला की त्याला लागणारी शक्ती आठपट होते. म्हणून वेगाची हौस असणाऱ्यांना हा पंखा नेहमी खुपायचा. नको तेव्हा तो इंजिनाची ताकद खातो, हा त्यांचा हिशेब बरोबरच होता.

यावर तोड निघाली ती विजेच्या पंख्याची. १९६९ मध्ये आलेल्या 'फियाट १२८' मध्ये इंजिन आडवं बसवलं होतं. पट्ट्याची बाजू रेडिएटरकडे राहिली नाही, त्यामुळे पंख्याला स्वतंत्र मोटर द्यावी लागली. पाणी ठरावीक तापमानाला पोचलं की स्विच आपोआप लागतो, निवलं की बंद होतो. आपल्याकडे डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि असा पंखा घरोघरच्या माणसांच्या ओळखीचा झाला. गाडी बंद केल्यावरही पंखा फिरताना पाहून लोक चमकायचे.

आमच्याकडे जुनी पद्मिनी होती. नव्वदच्या दशकात तुळजापूरच्या घाटात ती गरम होऊ लागली. दोष आमचाच होता. वर्षानुवर्षं आम्ही रेडिएटरमध्ये बोअरचं जड पाणी ओतत आलो होतो. पण मला पंखा बदलायची घाई. जुन्या बाजारातून विजेचा दणकट पंखा आणला, पट्ट्यावरचा काढून टाकला आणि नव्याची वायर थेट स्विचला जोडून घेतली. घाटात गाडी थंड राहिली. मी खूश!

मग घटस्थापनेच्या आदल्या रात्री आई-वडिलांना घेऊन तुळजापूरला गेलो. परतताना ज्योत घेऊन धावणाऱ्या तरुणांनी रस्ता भरलेला. तासभर गाडी मुंगीच्या पावलाने चालली. दिवे चालू, पंखा चालू. दिवे हळूहळू पिवळे पडले आणि एका ठिकाणी थांबलेली गाडी पुन्हा सुरूच होईना. अंधारात, उतारावर, मागून वाहनं येत असताना आई मागच्या सीटवर देवीचं नाव घेत बसलेली. वडील एक शब्दही बोलले नाहीत, याचीच मला जास्त भीती वाटली. शेवटी ज्योतवाल्या चार पोरांनी धक्का मारला.

दुसऱ्या दिवशी मेस्त्रींनी बॉनेट उघडलं आणि वडिलांना म्हणाले, "मालक, खाणारा वाढवलाय, कमावणारा तेवढाच ठेवलाय."

सगळं मर्म त्यात होतं. बारा व्होल्टचा पंखा वीस अँपिअर ओढत असेल तर ती झाली २४० वॅट वीज, आणि सुरू होताना त्याच्याही दुप्पट-तिप्पट. आमच्या गाडीचा डायनामो इंजिन मंद असताना जेमतेम वीज द्यायचा. उरलेली बॅटरीतून जात होती. मेस्त्रींनी आधी रेडिएटर उघडून नळ्यांतला क्षार सळईने काढला. मग अल्टरनेटर बसवला, जाड वायर, फ्यूज आणि रिले घातला. तापमानाचा स्विच लावला. पंख्याभोवती पत्र्याचं कडं केलं, म्हणजे हवा कडेने न निसटता पूर्ण जाळीतून ओढली जाते. आणि हे झाल्यावर माझा तो दणकट पंखा काढून लहान बसवला. तोच पुरला!

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या टॅक्सींतून शेवटची पद्मिनी निवृत्त झाली. पण जुन्या गाड्या हौसेने सांभाळणारे, इंजिनाची ताकद वाढवणारे तरुण आजही भेटतात. कोणता पंखा बसवू, असं विचारतात. मी त्यांना उलट विचारतो, रेडिएटर आतून कधी पाहिलास? आणि पंख्याला वीज कोण देणार आहे? या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली, तर पंखा कोणता हा प्रश्न बहुधा उरत नाही.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)