साल बघून लिनक्सचं पुस्तक?

लिनक्स शिकू पाहणाऱ्याला जो तो एकच सल्ला देतो: बाजारातली सर्वांत नवी आवृत्ती घे, संगणकाचं पुस्तक दोन-तीन वर्षांत शिळं होतं. पूर्वपक्ष वरवर बिनतोड आहे. उबुंटू हे लिनक्सचं डिस्ट्रो, म्हणजे तयार संच, दर सहा महिन्यांनी नव्या रूपात येतं; मग पाच वर्षांपूर्वीच्या पुस्तकाने काय शिकवायचं?

पण शिळं नेमकं काय होतं, हे कुणी विचारत नाही. उबुंटूने २०११ मध्ये युनिटी हा डेस्कटॉप पुढे केला, डाव्या कडेला चिन्हांची पट्टी असलेला. त्या पट्टीच्या चित्रांनी पानं भरलेलं पुस्तक तेव्हा अगदी ताजं. २०१७ मध्ये उबुंटू ग्नोम या आधीच्या डेस्कटॉपकडे परतलं आणि ती पानं रद्दीत गेली. ताजेपणाच्या मागे जो जास्त धावला, तोच आधी नासला.

आता दुसरं टोक बघा. कर्निघन आणि पाइक यांचं ‘द युनिक्स प्रोग्रामिंग एन्व्हायर्नमेंट’ १९८४ चं. युनिक्सच्या धर्तीवरचं लिनक्स लिनस टोरवाल्ड्सने जाहीर केलं १९९१ मध्ये. पुस्तक लिनक्सपेक्षा सात वर्षांनी थोरलं! तरी ‘हू’चं उत्तर पाइपमधून ‘डब्ल्यूसी’कडे सोडून संगणकावर किती जण बसलेत ते मोजायचं, ही त्यातली ओळ आज टाइप केली तरी मुकाट चालते. एका कमांडचा घास दुसरीच्या तोंडी देणारी ही पाइपची युक्ती १९७३ ची. मालक, गट आणि बाकीचे अशी फाइलींच्या परवानग्यांची वाटणीही युनिक्सच्याच वळणाची. लिनक्सने अंगरखे कितीही बदलले, घराणं तेच आहे.

प्रतिपक्षाचा एक मुद्दा मात्र मान्य करायलाच हवा. सेवा सुरू-बंद करायची जुनी पद्धत सिस्टम-डीने मोडीत काढली. फेडोरा या डिस्ट्रोत २०११ मध्ये, डेबियनमध्ये २०१५ मध्ये. नेटवर्कसाठीच्या ‘इफकॉन्फिग’ची जागा ‘आयपी’ने घेतली. इथे जुनं पुस्तक चकवा देईल. पण हा प्रांत सर्व्हर सांभाळणाऱ्यांचा. नवख्याचे पहिले काही महिने ‘सीडी’, ‘एलएस’, ‘ग्रेप’ या कमांडच्या संगतीतच जायचे असतात, आणि ‘मॅन’ ही कमांडची माहितीपानं उघडून वाचायची सवय ज्याला लागली त्याला पुढचे बदल आपले आपण कळतात.

मी स्वतः एकदा पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून, सोबत लिनक्सची सीडी मिळते या मोहाने, विटेएवढं पुस्तक घरी आणलं होतं. निम्मं पुस्तक इन्स्टॉलेशनवरच. लिनक्स यंत्रावर चढलं आणि पुस्तकाकडचं सांगणं संपलं. मी काळ्या पडद्यापुढे होतो तसाच.

विल्यम शॉट्स यांचं ‘द लिनक्स कमांड लाइन’ मला यासाठीच पटतं. इन्स्टॉलेशनच्या भानगडीत ते पडत नाही, कुठल्या एका डिस्ट्रोच्या दावणीलाही बांधलेलं नाही. तेव्हा दुकानात पुस्तक हाती घ्याल तर साल राहू द्या, अनुक्रमणिका उघडा: पाइप, परवानग्या आणि ‘मॅन’ कितव्या पानावर येतात ते बघा. शॉट्स यांच्या पुस्तकाची छापील दुसरी आवृत्ती २०१९ ची आहे. पैसे खर्चायचे नसतील तर लेखकाने पीडीएफ फुकट ठेवली आहे, ती उतरवून घ्या.