‘ऑन्डिना’ : सरकारजमा झालेल्या एका तेलवाहू जहाजाची युद्धकथा

टँकर म्हटले की आपल्या वडोदऱ्याच्या माणसाला कोयली रिफायनरीच्या रस्त्यावरची ट्रकांची रांग आठवते. समुद्रावरचे टँकर आपल्यापासून दूर. पण दुसऱ्या महायुद्धात रणगाडे, विमाने, युद्धनौका या सगळ्यांचे पोट ज्या जहाजांवर भरत होते ती हीच तेलवाहू जहाजे. त्यांतल्या एकाच्या लढाईत आपल्या देशाच्या खलाशांचाही मोठा वाटा आहे. पाठ्यपुस्तकांत ही हकीकत सहसा येत नाही, म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने ती थोडक्यात सांगतो.

‘ऑन्डिना’ हे डच जहाज १९३९ साली बांधून झाले. वजन ६,३४१ टन. मालक ‘ला कोरोना’ ही शेल समूहातली कंपनी. मे १९४० मध्ये जर्मनीने हॉलंड घेतले. डच सरकार लंडनला गेले आणि देशाबाहेर असलेल्या आपल्या व्यापारी जहाजांचा ताबा त्याने युद्धकार्यासाठी घेतला. जहाज कंपनीचे राहिले, पण ते कुठे जाणार आणि काय वाहणार हे आता सरकार ठरवू लागले. मार्च १९४२ मध्ये जपानने डच ईस्ट इंडीज, म्हणजे आजचा इंडोनेशिया, जिंकला. मग या जहाजांना ऑस्ट्रेलियाचा आसरा उरला. ऑन्डिनाच्या मागच्या बाजूला एक चार इंची तोफ बसवली गेली. अधिकारी डच, बहुतेक खलाशी चिनी आणि तोफेवर काही ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन गोलंदाज, असा तिच्यावरचा संसार होता.

५ नोव्हेंबर १९४२ रोजी ती ऑस्ट्रेलियाच्या फ्रीमँटल बंदरातून निघाली. दिएगो गार्सियामार्गे इराणच्या आबादानला जाऊन तेल भरायचे होते. टाक्या रिकाम्या होत्या. संरक्षणाला ‘बेंगाल’ ही रॉयल इंडियन नेव्हीची छोटी नौका होती. सिडनीत बांधलेली ही नौका त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नौदलात दाखल झाली होती आणि आता मुंबईकडे निघाली होती. वजन सातशे टनांच्या आसपास. ठरलेली मोठी तोफ मिळाली नव्हती, म्हणून बारा पौंडी तोफेवर भागवले होते. कप्तान लेफ्टनंट कमांडर विल्सन ब्रिटिश, तर खलाशी हिंदुस्थानी. त्या काळच्या आपल्या नौदलात कोकणातल्या, विशेषतः रत्नागिरीकडच्या दर्यावर्दी घराण्यांतून भरती होण्याची जुनी परंपरा होती, हे येथे लक्षात ठेवावे.

११ नोव्हेंबरला दुपारच्या सुमारास कोकोस बेटांच्या नैऋत्येला दोन मोठी जहाजे दिसली. ती होती जपानची ‘होकोकू मारू’ आणि ‘आईकोकू मारू’. दोन्ही दहा हजार टनांवरची. मूळची प्रवासी आणि मालवाहू जहाजे, पण जपानी नौदलाने तीही ताब्यात घेऊन तोफा, टॉर्पेडो आणि समुद्री विमानांनी सज्ज केली होती. त्याच वर्षी मे महिन्यात त्यांनी ऑन्डिनाच्याच कंपनीचा ‘जेनोटा’ हा टँकर पकडून नेला होता. तो पुढे ‘ओसे’ या नावाने जपानी नौदलाला तेल पुरवू लागला. म्हणजे ऑन्डिना हाती लागली असती, तर तिचेही तेच झाले असते.

विल्सननी ऑन्डिनाला निघून जायला सांगितले आणि आपली चिमुकली नौका सरळ शत्रूच्या रोखाने वळवली. पण ऑन्डिनाचे कप्तान विलेम हॉर्समन यांनीही लढायचे ठरवले. त्यांच्याकडे गोळे होते तीसएक. दोन्ही जहाजांनी होकोकू मारूवर नेम धरला. एक गोळा तिच्या टॉर्पेडोंच्या जागी लागला, आग भडकली आणि स्फोट होऊन ती बुडाली. तिच्यावरचे ७६ जण कप्तानासह मेले.

बेंगालचा दारूगोळा संपत आला होता. नौकेला मार बसला होता, तरी ती धुराच्या आडून निसटली आणि सुखरूप पोहोचली. ऑन्डिनाचेही गोळे संपले. हॉर्समननी जहाज सोडण्याचा हुकूम दिला, पण ते स्वतः तोफगोळ्याच्या तुकड्याने पुलावरच ठार झाले. माणसे होड्यांत उतरली. आईकोकू मारूने जहाजावर टॉर्पेडो सोडले, होड्यांवर मशीनगन चालवली आणि त्यातही काही जीव गेले. मग आपल्या बुडालेल्या सोबत्याची माणसे उचलून ते जहाज निघून गेले.

ऑन्डिना एका कुशीवर कलली होती, पण बुडाली नाही. टँकरचे पोट अनेक बंद टाक्यांत विभागलेले असते. टॉर्पेडो रिकाम्या टाक्यांत फुटले. बाकीच्या टाक्या कोरड्या राहिल्या आणि त्यांनीच जहाज तरंगत ठेवले. होड्यांतली माणसे परत जहाजावर चढली, आग विझवली, उलट बाजूच्या टाक्यांत पाणी घेऊन तोल सावरला आणि इंजिन चालू केले. १८ नोव्हेंबरला ती स्वतःच्या बळावर फ्रीमँटलला परतली. पुढे ऑस्ट्रेलियाच्या एक्समथ आखातात तिने इंधनाचे कोठार म्हणून काम केले, अमेरिकेत तिची दुरुस्ती झाली आणि १९५९ साली ती मोडीत निघाली.

होकोकू मारू नेमकी कोणाच्या गोळ्याने बुडाली यावर नंतर बराच वाद झाला. दोन्ही बाजूंनी श्रेय सांगितले. माझ्या मते हा वाद दुय्यम आहे. बेंगाल शत्रूवर चालून गेली नसती तर ऑन्डिनाला नेम धरायला उसंत मिळाली नसती, आणि ऑन्डिना पळून गेली असती तर बेंगालचा एकटीचा निभाव लागला नसता.

खरी उणीव वेगळीच आहे. विल्सनना डीएसओ मिळाले, हॉर्समनना मरणोत्तर डच सन्मान मिळाला. ते योग्यच होते. पण आगीत परत चढलेल्या चिनी खलाशांची आणि त्या लहानशा तोफेजवळ उभ्या राहिलेल्या हिंदुस्थानी खलाशांची नावे किती जणांना ठाऊक आहेत? त्याच नौदलातले खलाशी फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईत निकृष्ट अन्न आणि अपमानास्पद वागणुकीविरुद्ध उठले. अशी युद्धसेवा केलेल्यांच्या वाट्याला ती वागणूक आली होती, हे कळले की त्या उठावाचा राग समजतो.

आपल्यापैकी कोणाच्या घरी आजोबा-पणजोबांचे नौदलातले सेवापुस्तक, पदक किंवा जुना फोटो ट्रंकेत पडून असेल, तर तो बाहेर काढावा आणि मुलांना दाखवावा. कागद जीर्ण होण्याआधी त्यावरचे नाव निदान एका वहीत तरी उतरवून ठेवावे.