खेळण्यातील जुनी रेल्वे इंजिने : दुरुस्ती व मोटरची निवड

खेळण्यातील जुने विजेवरचे इंजिन पुन्हा चालते करताना सफाई, झिजलेल्या भागांची दुरुस्ती आणि अखेरचा उपाय म्हणून मोटर बदलणे, असा क्रम पाळतात. नेरळ–माथेरान मार्गावरील गाडीलाही (१९०७) ‘टॉय ट्रेन’ म्हणतात, पण ती प्रवासी वाहणारी खरी रेल्वे आहे. खेळण्यातील गाड्या रुळांमधील अंतरावरून ओळखतात : ओ गेज ३२ मिमी., एचओ १६.५ मिमी. (प्रमाण १:८७) व एन ९ मिमी. ब्रिटनच्या हॉर्नबीने १९२० मध्ये चावीच्या गाड्या आणल्या. विजेवर चालणारी ‘डब्लो’ मालिका १९३८ ची. महाराष्ट्रात या छंदाचे ठळक केंद्र म्हणजे भाऊसाहेब जोशी यांनी पुण्यात कोथरूडला उभारलेले, १९९८ मध्ये खुले झालेले लघुरेल्वेंचे संग्रहालय. तेथे गाड्या प्रत्यक्ष धावताना पाहता येतात.

दुरुस्ती : बंद पडलेल्या इंजिनाची मोटर जळालेलीच असते असे नाही. बहुधा वंगण सुकून घट्ट झालेले असते, चाकांवर काजळी चढलेली असते किंवा कार्बन ब्रश झिजलेले असतात. कॉम्युटेटर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसतात व त्याच्या खाचांतील कार्बनची भुकटी काढतात. गुंडाळी जळाली असेल, तर आर्मेचर पुन्हा गुंडाळून घेता येते. जुन्या उघड्या मोटरमधून आर्मेचर बाहेर काढताना चुंबकाच्या ध्रुवांमध्ये लोखंडी तुकडा ठेवतात. एरवी अल्निको चुंबकाची शक्ती घटते. क्षीण चुंबकाची मोटर जास्त विद्युत्‌प्रवाह घेते, तापते आणि तिची ओढ कमी होते. जस्ताच्या मिश्रधातूत शिसे वगैरेंची अशुद्धी राहिली असल्यास सांगाडा फुगून तडकतो. हा दोष बरा होत नाही. तो भागच बदलावा लागतो.

मोटरची निवड : नव्या मोटरची लांबी-रुंदी, दांड्याचा व्यास व लांबी, व्होल्टेज, फेऱ्यांची गती आणि अडून थांबल्यावर ती घेत असलेला प्रवाह जुळवून पाहतात. एचओ इंजिने सामान्यतः १२ व्होल्ट एकदिश प्रवाहावर चालतात, तर साध्या खेळण्यांतील मोटरी दीड ते तीन व्होल्टच्या असतात; तशी मोटर थेट जोडल्यास जळते. जुन्या मेर्कलिन व लायोनेल इंजिनांत प्रत्यावर्ती प्रवाहावर चालणारी, गुंडाळीचे चुंबकक्षेत्र असलेली मोटर असते. तिच्या जागी कायमचुंबकी मोटर घालायची, तर चार डायोडचा रेक्टिफायर आणि दिशा बदलण्याची वेगळी सोय लागते. वर्म व दातेरी चाक यांत किंचित मोकळीक ठेवतात. ती नसेल तर मोटर अडते, जास्त असेल तर दाते झिजतात.

चाचणी व जतन : इंजिन आधी डब्यांशिवाय, दोन्ही दिशांना, कमी व्होल्टेजवर चालवतात आणि मोटर तापत नाही याची खात्री झाल्यावरच डबे जोडतात. मूळ सांगाडा न कापता, न भोके पाडता नवी मोटर बसवणे आणि काढलेला प्रत्येक भाग जपून ठेवणे हे उत्तम पुनरुज्जीवनाचे लक्षण होय. त्यामुळे इंजिन केव्हाही मूळ स्थितीत आणता येते.