डब्यात काय भरायचं?

2018 च्या जूनमध्ये पुण्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबमध्ये मी पेनड्राइव्ह घेऊन बसले होते. काम साधं होतं. 40 कॉम्प्युटरवर पायथॉन टाकायचं आणि सोबत मशीन लर्निंगच्या लायब्ररी. नेट रखडत होतं, त्यामुळे प्रत्येक मशीनवर वेगळं डाउनलोड करणं शक्य नव्हतं. लॅब सांभाळणारे सर म्हणाले, “मॅडम, काय ते एकदाच भरून द्या. मुलांना नंतर काही टाकता येत नाही, पासवर्ड माझ्याकडे असतो. वर्षभर त्यावरच करतील.”

म्हणजे मी जे टाकणार नाही, ते ज्या मुलांकडे लॅपटॉप नाही त्यांच्यासाठी वर्षभर जगात नसणारच! यादी करायला घेतली तेव्हा कळलं की असल्या याद्यांना स्वतःचा इतिहास असतो.

पायथॉन 1991 मध्ये आलं. ‘बॅटऱ्या सोबतच मिळतात’ अशी त्याची ख्याती. पण मोठमोठ्या आकडेमोडीची बॅटरी त्यात नव्हती. ती नमपायने दिली, 2006 मध्ये. अडचण अशी की या लायब्ररींच्या पोटात सी आणि फोर्ट्रान भाषेतला कोड असतो आणि तो आपापल्या मशीनवर कंपाइल करताना विंडोजवाल्यांच्या नाकी नऊ यायचे. शिवाय सगळ्यांच्या आवृत्त्या एकमेकींशी जुळायला हव्यात. एका घरचा सोऱ्या आणि दुसऱ्या घरची चकती, असं इथे चालत नाही. म्हणून काहींनी सगळं आधीच कंपाइल करून, जुळवून, तयार डबा द्यायला सुरुवात केली. यालाच डिस्ट्रिब्यूशन म्हणतात.

अमेरिकेतल्या एन्थॉट कंपनीचा असा एक डबा होता. त्यात मायावी हे त्रिमितीय चित्रं काढणारं सॉफ्टवेअर असायचं. ते मूळ लिहिलं प्रभू रामचंद्रन यांनी, जे पुढे पवईच्या आयआयटीत एअरोस्पेसचे प्राध्यापक झाले. 2012 मध्ये अ‍ॅनाकोंडा आलं आणि हळूहळू बहुतेक कॉलेजांत तेच पसरलं. 2018 मध्ये त्याची फाइल 600 एमबीच्या वर होती. मी तीच पायाला घेतली.

मशीन लर्निंगसाठी त्यात सायकिट-लर्न होतं. तिची पहिली जाहीर आवृत्ती 2010 ची. ही लायब्ररी डब्यात बसते याचं कारण तिचा संयम. तिला नमपाय, सायपाय अशा मोजक्याच गोष्टी लागतात, ग्राफिक्स कार्ड लागत नाही. आणि नवी पद्धत आत घेण्याचा तिचा ढोबळ नियम कडक आहे: शोधनिबंध येऊन किमान 3 वर्षं झालेली हवीत, 200 च्या वर संशोधकांनी त्याचा उल्लेख केलेला हवा आणि पद्धत सर्रास वापरात हवी.

मला हा नियम फार आवडला. मी तोच माझ्या यादीला लावला. थिआनो बाद, कारण तिचं काम थांबवत असल्याचं तिच्या निर्मात्यांनी 2017 मध्ये जाहीर केलं होतं. टेन्सरफ्लो आत, कारण जो तो तेच वापरत होता. पायटॉर्चची आवृत्ती होती 0.4. विंडोजवर ती अधिकृतपणे चालायला लागून दोनच महिने झाले होते. कच्चं आहे, म्हटलं. बाद.

टेन्सरफ्लोने पहिल्याच दिवशी हिसका दाखवला. अर्ध्या मशीनवर ते सुरूच होईना. 1.6 पासूनच्या तयार आवृत्त्यांना प्रोसेसरमध्ये एव्हीएक्स नावाच्या सूचना लागतात आणि लॅबमधल्या जुन्या पेंटियममध्ये त्या नव्हत्या. मग मुकाट्याने 1.5 टाकली.

ऑगस्टमध्ये शेवटच्या वर्षाची एक मुलगी भेटली. प्रोजेक्टसाठी तिने निवडलेल्या निबंधाचा कोड पायटॉर्चमध्ये होता. “मॅडम, ते का नाही टाकलं?” मी नियम सांगितला. तिने ऐकून घेतलं. पुढचे काही महिने तिने प्रोजेक्ट फोनवर केलं. क्रोममध्ये गूगल कोलॅब उघडून, बोटाने कोड टाइप करत. डिसेंबरमध्ये पायटॉर्च 1.0 आलं. दोन-तीन वर्षांत संशोधनातला बराचसा कोड त्यातच लिहिला जाऊ लागला.

त्या नियमाकडे मी पुन्हा पाहिलं ते दामोदर धर्मानंद कोसंबींमुळे. आपल्याला ते इतिहासकार म्हणून माहीत. पण 1943 मध्ये ते फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत होते. त्या वर्षी जर्नल ऑफ द इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीत त्यांचा एक निबंध आला, फलनांच्या अवकाशातल्या संख्याशास्त्रावर. सायकिट-लर्नमध्ये पीसीए नावाची सोय आहे. ढीगभर आकड्यांतून मोजक्या महत्त्वाच्या दिशा शोधून काढणारी. तिचं मूळ पिअर्सनच्या 1901 च्या कामात आहे. सुट्या आकड्यांऐवजी सलग वक्ररेषा असतील तर हेच कसं करायचं, ते कोसंबींनी मांडलं. पुढे कारहुनेन आणि लोएव्ह स्वतंत्रपणे तिथेच पोचले आणि जगाने त्या दोघांचीच नावं दिली. कोसंबींचं नाव आता कुठे कुठे आधी जोडलं जातं.

महायुद्ध चालू, निबंध भारतीय नियतकालिकात. 3 वर्षांनी, 1946 मध्ये, कोणी उल्लेख मोजले असते तर कोसंबी 200 च्या जवळपासही नसते. माझ्या यादीत ते बाद झाले असते!

नियम चुकीचा नाही. कोणीतरी ‘नाही’ म्हटल्याशिवाय डबा बंदच होत नाही. पण सायकिट-लर्नचा नियम त्या एका लायब्ररीपुरता आहे. तिथे जागा नाही मिळाली तर लिहिणारा आपली वेगळी लायब्ररी काढू शकतो. मी तोच नियम बंद कुलपाच्या लॅबला लावला, जिथे बाहेर दुसरं काही नव्हतं.

फुकट डब्याचंही तसंच. 2020 मध्ये अ‍ॅनाकोंडाने अटी बदलल्या आणि 200 हून जास्त माणसांच्या व्यावसायिक संस्थांना पैसे लागू केले. डबा कोणाचा आहे, हे अनेकांना तेव्हा कळलं.

2019 च्या अभ्यासक्रमापासून पुणे विद्यापीठात इंजिनिअरिंगच्या पहिल्याच वर्षी पायथॉन आहे. म्हणजे अशा पेनड्राइव्हवर हजारो मुलं अवलंबून. आता मी लॅबसाठी डबा भरते तेव्हा दोन गोष्टी जास्त करते. काय टाकलं नाही आणि का, याची एक फाइल डेस्कटॉपवर ठेवते. आणि मुलांना स्वतःच्या फोल्डरमध्ये, पासवर्डशिवाय, हवी ती लायब्ररी टाकता येईल अशी सोय करून देते. 2018 मध्येही ती करता आली असती. मला कोणी विचारलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं.